मुंगीच्या आधीची पाच वचनं

"ताई, सलाम. मी 38 वर्षांचा. भोसरीत भाड्याच्या शेडमध्ये माझं छोटं जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक जुनी मिलिंग, तीन ऑपरेटर. सकाळी आठला शटर वर जातं ते रात्री अकराशिवाय खाली येत नाही. वर्षभरात बरेच रविवारही शेडमध्येच गेले. माझं 80 टक्के काम एकाच पार्टीचं आहे आणि तिचं पेमेंट 100 ते 125 दिवसांनी येतं. दिवाळीला पोरांचा बोनस मी व्याजाने पैसे उचलून दिला. आई नेवाशाची. लहानपणी तिने आमच्याकडून बायबलमधली नीतिसूत्रं पाठ करून घेतली. उद्योग्याच्या हाती धन येतं, हे तिचं आवडतं वचन, आणि दुसरं मुंगीचं. आमच्या चर्चच्या मंडळीतले एक जण परवा म्हणाले, 'वचन खोटं नसतं, तुझ्याच विश्वासात कुठेतरी कमी असणार.' ते डोक्यातून जात नाही. त्यात आतेभाऊ पिकअप घेतोय, त्याला कर्जाला जामीन हवाय, आत्या रोज फोन करते. ओळखीचा एक जण म्हणतो, कर्ज काढून व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशीन, घे, मोठी कामं मिळतील. मंडळीला द्यायचा दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, चार महिने थांबलाय. मी कुठे चुकतोय?"
– एक वाचक, भोसरी

सलाम.

सगळ्यात आधी मंडळीतल्या त्या वाक्याचं बोलू, कारण जामीन, मशीन, दशांश या तिन्ही गोष्टींकडे तुम्ही त्याच वाक्याच्या दडपणाखाली बघताय. त्या गृहस्थांनी नीतिसूत्रांच्या 10 व्या अध्यायातलं 4 थं वचन घेतलं आणि त्यावरून उलटा हिशेब मांडला. उद्योगी माणसाकडे पैसा येतो, याच्याकडे पैसा नाही, मग खोट याच्यातच. शास्त्रात असा उलटा हिशेब मांडणारी माणसं आहेत. ईयोबाचे मित्र. ईयोबाचे बैल गेले, मेंढरं गेली, उंट गेले, मुलं गेली, आणि अलीफज, बिल्दद, सोफर त्याच्यापाशी बसून त्याचं पाप हुडकत राहिले. शेवटच्या अध्यायात देव अलीफजाला स्पष्ट सुनावतो की तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत. त्या गृहस्थांवर राग धरू नका, पण त्यांचं म्हणणं मनातून काढून टाका. वचन तसं म्हणत नाही.

नीतिसूत्रांमधली ही वचनं कामाला लागणाऱ्या माणसाला आधी सांगायची आहेत, मोठ्यांनी लहानांना, घरात. तुमची आई सांगत होती तशी. हात हलवशील तर घरात चूल पेटेल, असं आई मुलाला म्हणते तेव्हा ती खरंच बोलत असते. हात न हलवणाऱ्यांचं काय झालं ते तिने गावात पाहिलेलं असतं. 24 व्या अध्यायाच्या शेवटी अशा एका आळशाचं शेत आहेच: काटे माजलेत, दगडी कुंपण ढासळलंय, आणि वाटेने जाणारा ते बघून स्वतः शहाणा होतो. पण दुसऱ्याची मिळकत बघून त्याचा विश्वास मोजायला हे माप कुणी दिलेलं नाही. आणि त्याच पुस्तकात, 13 व्या अध्यायाच्या 23 व्या वचनात लिहिलंय की गरिबाच्या जमिनीत भरपूर धान्य पिकतं, पण अन्यायामुळे ते हातचं जातं. कष्ट झाले, पीकही आलं, फक्त ते घरी पोचलं नाही. तुम्ही काम वेळेत दिलंय, माल तपासून घेतला गेलाय, आणि बिल चार महिने कुणाच्या तरी टेबलावर पडून आहे. तुमची गोष्ट आळशाच्या शेताची नाही, या 23 व्या वचनाची आहे. आईला हे वचनही वाचून दाखवा.

उपदेशकाचं पुस्तक तर याहून पुढे जातं. 9 व्या अध्यायाचं 11 वं वचन बघा. चपळ माणूसच शर्यत जिंकतो असं नाही, शूरच लढाई जिंकतो असं नाही, शहाण्याला भाकर मिळेलच असं नाही. वेळ आणि प्रसंग सगळ्यांनाच गाठतात. अनेकांना हे पुस्तक निराश वाटतं. मला ते धंदा करणाऱ्यांसाठी शास्त्रातलं सगळ्यात आधाराचं पुस्तक वाटतं, कारण ते खोटा दिलासा देत नाही. त्याच्या 11 व्या अध्यायाची पहिली सहा वचनं आज रात्री शेडमध्येच वाचा. पुढे काय होणार ते तुला ठाऊक नाही, हे तो उपदेशक त्या सहा वचनांत पुन्हा पुन्हा म्हणतो. आणि ठाऊक नाही म्हणून हात जोडून बस, असं एकदाही म्हणत नाही. वाऱ्याकडे बघत बसणारा पेरत नाही, ढगांकडे बघत बसणारा कापणी करत नाही. सकाळी बी पेर, संध्याकाळीही हात आवरू नकोस, कारण यातलं कुठलं उगवेल, हे की ते, की दोन्ही, ते तुला कळायचा मार्ग नाही. आणि दुसऱ्या वचनात तो सांगतो: सात जणांना वाटा दे, आठ जणांनाही दे, कारण पृथ्वीवर कोणतं संकट येईल ते तुला ठाऊक नाही. काही अभ्यासक हे वचन दानधर्माबद्दल घेतात, काही समुद्रातल्या व्यापाराबद्दल: सगळा माल एका गलबतात भरू नये. मला दोन्ही अर्थ पटतात. तुमच्या बाबतीत मात्र आज दुसरा अर्थ जास्त निकडीचा आहे. तुमचा सगळा माल एका गलबतात आहे.

तुम्ही विचारलंय, कुठे चुकतोय. कष्टात नाही, विश्वासातही नाही. एकाच पार्टीवर 80 टक्के काम टेकलंय, तिथे धोका आहे. ती पार्टी तुम्हाला उशिरा पैसे देते आणि तुम्ही बोलू शकत नाही, कारण ती गेली तर शेडचं भाडं कुठून द्यायचं हा प्रश्न आहे. ही भीती खरी आहे. म्हणून पैसे मागण्याआधी ती भीती कमी करायला हवी, आणि ती नवीन पार्ट्या आल्यानेच कमी होईल. रात्री आठ ते अकरा तुम्ही त्याच पार्टीचे नग काढताय. आठवड्यातल्या त्यातल्या दोन रात्री सोडा, आणि त्याऐवजी दोन दुपारी शेडबाहेर पडा. चाकणला जा, तळवड्याला जा, शेजारच्या गल्लीतल्या शेडमध्येही जा. छोटी कामं घ्या, पाच-दहा नगांचीही, पण आगाऊ रक्कम देणाऱ्यांची किंवा माल उचलताना पैसे देणाऱ्यांची. दर थोडा कमी मिळाला तरी चालेल.

कमी दर कसा परवडेल, हे कळायला एक वही लागेल. नीतिसूत्रांच्या 27 व्या अध्यायाचं 23 वं वचन मेंढपाळाला सांगतं की आपल्या कळपाची स्थिती नीट जाणून घे, कारण धन कायम टिकत नाही. तुमचा कळप म्हणजे ती चलनं आणि बिलं. वहीत पार्टीचं नाव, चलन नंबर, बिलाची तारीख आणि रक्कम लिहा. पुढच्या रकान्यात बिलापासून 45 वा दिवस कोणत्या तारखेला येतो ते लिहा (45 का, ते पुढे सांगते), त्याच्या पुढे पैसे खरोखर जमा झाले ती तारीख. आणि शेवटचा रकाना सोडू नका: त्या कामाला मशीनचे किती तास गेले. मग उशिरा आलेल्या प्रत्येक बिलावर, तुम्ही दिवाळीला पैसे उचललेत त्या दराने, तेवढ्या दिवसांचं व्याज काढून वजा करा आणि उरलेल्याला तासांनी भागा. मोठ्या पार्टीचा ताशी दर कागदावर चांगला दिसतो. चार महिन्यांचं व्याज गेल्यावर तो रोखीच्या छोट्या कामाच्या खाली येतो का, ते तुमची वहीच सांगेल. तोंडी अंदाजावर जाऊ नका. एका तिमाहीचं लिहून काढा.

अडवलेल्या पैशांबद्दल शास्त्र फार कडक बोलतं आणि मंडळ्यांमध्ये यावर फार कमी बोललं जातं, याची मला खंत वाटते. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितलंय, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशांत अडकलेला असतो. लेवीय नावाच्या पुस्तकात तेच आहे. याकोबाच्या पत्राच्या 5 व्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती ओरड सैन्यांच्या प्रभूच्या कानी जाते. जॉबवर्कचं बिल म्हणजे दुसरं काय? मटेरियल त्यांचं, तुम्ही लावता ते हात आणि मशीनचे तास. मजुरीच ती. आपल्या देशाचा कायदाही इथे तुमच्या बाजूने आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागू होतं. उद्यम नोंदणी, म्हणजे लघु उद्योग म्हणून सरकारकडची नोंद, केली नसेल तर याच आठवड्यात करून टाका, ती मोफत आहे. नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. पार्टी मोठी कंपनी असेल तर ती ट्रेड्स (TReDS) या बिलांच्या ऑनलाइन व्यवस्थेवर आहे का ते विचारा, तिथे मंजूर बिलावर बँकेकडून लवकर पैसे घेता येतात. थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे तक्रार करायची वाट खुली आहे, पण मी तुम्हाला आजच तिकडे धाडणार नाही. पार्टीचा वाटा 80 वरून 50 च्या खाली येऊ दे, मग त्यांच्या अकाउंट्समध्ये वही घेऊन जा आणि तारखा दाखवून बोला. तेव्हा आवाज आपोआप वेगळा निघेल.

तुमच्या तीन ऑपरेटरांचा बोनस तुम्ही व्याजाने पैसे काढून दिलात. पैशांच्या दृष्टीने ते महाग पडलं, तरी मला ते योग्य वाटतं. अनुवादातलं ते वचन तुम्हालाही लागू होतं आणि तुम्ही ते पाळलंत. पुढच्या दिवाळीसाठी मात्र आतापासून दर महिन्याला थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाका. योसेफाने मिसरात सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात घातला होता. तुम्हाला पाचवा हिस्सा आज जमणार नाही, पण आलेल्या प्रत्येक पेमेंटमधून दोन टक्के तरी त्या दिवशीच बाजूला काढा. तीन महिन्यांचं भाडं, वीजबिल आणि पगार जमेपर्यंत त्याला हात लावू नका.

मशीनचं. लूकच्या शुभवर्तमानाच्या 14 व्या अध्यायात येशू विचारतो, बुरूज बांधायचाय तर आधी बसून खर्चाचा हिशेब कोण करत नाही? तो बोलत होता शिष्यत्वाबद्दल, पण शहाणा माणूस आधी बसून आकडे मांडतो, हे त्याने गृहीत धरलं होतं. तुम्हीही बसा. व्हीएमसीचा महिन्याचा हप्ता, ऑपरेटरचा पगार, वाढलेलं वीजबिल, टूलिंग, हे एका कागदावर मांडा. मग असं धरा की मोठ्या पार्टीने तीन महिने काहीच दिलं नाही आणि मशीन निम्मेच तास चाललं. हप्ता निघतो का? निघत नसेल तर आत्ता नको. "मोठी कामं मिळतील" म्हणणाऱ्या मित्राला विचारा, कोणाची, किती नग, कोणत्या दराने, लेखी ऑर्डर आहे का. याकोबाच्या 4 थ्या अध्यायात असेच लोक आहेत: आज किंवा उद्या अमुक शहरात जाऊ, वर्षभर राहू, व्यापार करू, नफा मिळवू. उद्या काय होणार हे तुम्हाला माहीत नाही, असं याकोब त्यांना म्हणतो. व्यापार करू नका असं तो म्हणत नाही. तोपर्यंत व्हीएमसीचं काम शेजारच्या शेडमध्ये तासावर करून घ्या आणि सहा महिने बघा, तेवढे तास खरंच भरतात का. भरले तर कर्ज काढायला भिऊ नका.

उद्याचं ठाऊक नसताना आजचं काम कसं करायचं, याचं आपल्याच मातीतलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे. 1889 मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं, तेव्हा अमेरिकेतल्या मदतनीसांनी दहा वर्षांच्या मदतीचा शब्द दिला होता. दहा वर्षांनंतर काय, हा प्रश्न बाईंनी ती संपायची वाट न बघता हाती घेतला. दौंडजवळ केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली, म्हणजे उत्पन्नाची आपली सोय होईल. आणि मग 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आणल्या गेल्या आणि ज्या जमिनीवर फळांची बाग व्हायची होती तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे प्रार्थना होती, तशीच शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. बाईंनी ठरवलं होतं एक आणि घडलं दुसरंच. पण जमीन आधी घेतलेली होती म्हणून त्या मुलींना टेकायला जागा मिळाली.

दशांशाबद्दल थोडक्यात. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या 8 व्या अध्यायात पौल सांगतो की देणं हे माणसाजवळ जे आहे त्यावरून मान्य होतं, जे नाही त्यावरून नाही. बिलाच्या रकमेवर दशांश काढू नका, तो पैसा अजून तुमचा नाही आणि त्यातला बराचसा टूलवाल्याचा, शेडमालकाचा आहे. खर्च जाऊन घरात जे येतं त्यातून द्या. या महिन्यात ते दोनशे रुपये असतील तर दोनशे द्या. कर्ज काढून देऊ नका. पाळकसाहेबांना जाऊन एकदा परिस्थिती सांगा, म्हणजे मनावरचं ओझं उतरेल.

आणि रविवार परत घ्या. 127 वं स्तोत्र पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत जागून कष्टाची भाकर खाणाऱ्यांना थांबवतं आणि म्हणतं, देव आपल्या प्रियजनांना झोप देतो. रोज पंधरा तास लेथपुढे उभं राहणाऱ्या माणसाचा हात कधी तरी चुकतो. तुमच्यावर तीन घरं अवलंबून आहेत, शिवाय तुमचं स्वतःचं. रविवारी सकाळी उपासनेला जा आणि दुपारी झोपा.

आता जामिनाचं. ते मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण यात मला तुमची सगळ्यात जास्त काळजी वाटते.

मुंगीचं वचन तुम्हाला पाठ आहे. नीतिसूत्रांचा 6 वा अध्याय, 6 वं वचन: अरे आळशा, मुंगीकडे जा. संडे स्कूलमध्ये आम्ही सगळेच तिथून सुरुवात करतो. पण त्या अध्यायाची पहिली पाच वचनं कुणी पाठ करून घेत नाही, आणि ती सगळी जामीनकीबद्दल आहेत. माझ्या मुला, तू शेजाऱ्याला जामीन राहिला असशील, परक्यासाठी हात दिला असशील, तर आपल्याच तोंडच्या शब्दांनी सापडला आहेस. जा, पदर पसर, गळ घाल, डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस, शिकाऱ्याच्या हातून हरीण सुटतं तसा सूट. मग लगेच मुंगी येते. लिहिणाऱ्याने हा क्रम जाणून लावला असेल असं मला वाटतं. माणूस मुंगीसारखा वर्षानुवर्षं कण कण साठवतो आणि एका सहीने सगळं घालवतो. 22 व्या अध्यायात तर विचारलंय, फेडायला तुझ्याजवळ काही नसेल तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण का काढून नेऊ द्यायचं?

हे जुन्या काळचं म्हणून सोडून देण्यासारखं नाही. 1872 च्या करार कायद्याचं 128 वं कलम सांगतं की, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे हप्ते थकले की बँक आधी भावाकडे जाऊन, त्याची पिकअप विकून, मग उरलेल्यासाठी तुमच्याकडे यायला बांधील नाही. सरळ तुमच्याकडे येऊ शकते. शिवाय ती जामीनकी तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसते, आणि उद्या तुम्ही मशीनसाठी कर्ज मागायला गेलात की बँक तीही मोजते. तुमच्याजवळ आज स्वतःच्या बोनसचे पैसे नाहीत. दुसऱ्याच्या हप्त्यांची हमी तुम्ही कशावर देणार?

म्हणून सही करू नका. आत्याला फोनवर सांगू नका, रविवारी घरी जाऊन सांगा. आतेभावासमोर, चहा घेताना, सरळ सांगा की पार्टीचे पैसे चार महिने अडकलेत, मी व्याजाने पैसे काढलेत, माझी सही म्हणजे खोटी हमी होईल. आत्या रागावेल. काही महिने बोलणार नाही कदाचित. ते सोसा, कारण हप्ते थकल्यावर जे होतं त्यात घरं कायमची तुटतात. पण रिकाम्या हाताने नाही म्हणू नका. भावाबरोबर बँकेत जा, कागद वाचायला मदत करा. स्वतःकडची रक्कम जास्त भरून कर्ज कमी करता येईल का, नव्या गाडीऐवजी चांगली जुनी पिकअप बघता येईल का, हे त्याच्याबरोबर बसून काढा. तुमच्या ओळखीच्या शेडवाल्यांचा माल वाहायचं काम त्याला मिळवून द्या. भोसरीत गाडी रोज कुणाला ना कुणाला लागतेच. आणि पुढे घरचा खर्च भागून हाती थोडे पैसे राहिले, तर तेही द्या. पाच हजार असोत की दहा, परत मागायचे नाहीत या हिशेबाने द्या, आणि वहीत उधारीच्या रकान्यात लिहू नका.